तुम्ही विचारलंत म्हणून: त्या दोघींना वेगळं का केलं?

"ताई, पहिल्याच प्रकरणात दोघींना तोडलंत तुम्ही, असं कोण करतं?" हा प्रश्न मला इतक्या वेळा आलाय की आता एकदा नीट बसून उत्तर देते. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात, मी टीनएजर मुलींसाठी एक फँटसी रोमान्स लिहितेय, दोन भाग झाले, तिसरा चालू आहे. एका राजाच्या दोन जुळ्या मुली, थोरली आणि धाकटी. बाराव्या वर्षी थोरलीचं लग्न लावून तिला डोंगरापलीकडच्या राज्यात पाठवतात, धाकटी वाड्यातच राहते, आणि पुढचे दोन भाग त्या एकमेकींना दिसतच नाहीत. वाचणाऱ्या पोरी आणि त्यांच्या आया, दोघी विचारतात की हे सुचलं कुठून, तुम्ही स्वतः जुळ्या आहात का, आणि असं खरंच कधी होतं का.

मी जुळी नाही. मला सख्खी बहीणही नाही. पण असं खरंच झालंय, आणि जे झालं ते वाचल्यावर मला कितीतरी दिवस दुसरं काही सुचत नव्हतं.

फ्रान्सचा राजा पंधरावा लुई, त्याला १४ ऑगस्ट १७२७ ला व्हर्सायच्या राजवाड्यात पहिली मुलं झाली ती जुळ्या मुली. राजा तेव्हा स्वतः सतरा वर्षांचा होता. फ्रान्सच्या कायद्यात मुलीला गादी नव्हतीच, त्यामुळे या दोघींपैकी कुणाचा राज्यावर हक्क असा भांडणाचा मुद्दाच नाही, मग त्यांच्याकडे बघायचं कसं तर कुणाशी लग्न लावून कुठलं राज्य जोडून घेता येईल असं. नीट नावं ठेवून बाप्तिस्मा व्हायला १७३७ उजाडलं, म्हणजे पोरी जवळजवळ दहाच्या झाल्या, तोवर दरबारात त्यांना पहिली मादाम आणि दुसरी मादाम म्हणायचे. पहिली आणि दुसरी! मी माझ्या गोष्टीत दोघींना नावं का दिली नाहीत, थोरली-धाकटीच का ठेवलं, हेही खूप जण विचारतात, ते यामुळे. नंतर पहिलीचं नाव झालं लुईझ एलिझाबेथ आणि दुसरीचं आँरिएत.

जुळ्यांमध्ये थोरलं-धाकटं काय असतं असं आपल्याला वाटतं पण राजघराण्यात त्या काही मिनिटांवर सगळं ठरतं, किंवा ठरत नाही. मोनॅकोमध्ये डिसेंबर २०१४ ला जुळं झालं, मुलगी गॅब्रिएला दोन मिनिटं आधी जन्मली, तरी वारस झाला भाऊ जाक, कारण तिथं मुलग्याला आधी धरतात. २०१४ ची गोष्ट आहे ही, जुनीपुराणी नाही. दोन मिनिटांची थोरली आणि तरी मागे, यावर मी एक अख्खं प्रकरण लिहिलंय.

तर एलिझाबेथचं लग्न ठरलं स्पेनच्या राजाच्या मुलाशी, फिलिपशी. का ठरलं तेही ऐका. आधी स्पेनची एक छोटी राजकन्या याच लुईची होणारी बायको म्हणून फ्रान्सला आणली होती, आली तेव्हा चारचीही नव्हती, आणि मग १७२५ ला तिला तशीच परत पाठवून दिली, कारण ती मोठी व्हायची वाट बघायला दरबार तयार नव्हता. स्पेनला तो अपमान झोंबला. आता संबंध सांधायचे तर एक मुलगी परत आलीये, एक मुलगी द्या. एका पोरीचा अपमान भरून काढायला दुसरी पोर. २६ ऑगस्ट १७३९ ला व्हर्सायला लग्न लागलं, नवरा मुलगा हजरच नाही, त्याच्या जागी दुसरं कुणीतरी उभं, आपल्याकडे सरदार घराण्यांत खांड्याशी लग्न लावायचे ना, तसंच. बारा पूर्ण होऊन तिला बारा दिवस झाले होते. (त्याच वर्षी मे महिन्यात आपल्याकडे चिमाजी अप्पांनी वसई घेतली. शाळेत ते साल पाठ केलं होतं, त्या सालात दूर कुठंतरी हेही चाललं होतं हे मला तेव्हा कोण सांगणार.) आणि लग्नानंतर काही दिवसांतच गाडीत बसवून पिरेनीज डोंगरापलीकडे रवाना.

मागे राहिली आँरिएत. तिच्याजवळच्या बाकीच्या बहिणीही कमी झाल्या होत्या, कारण सगळ्यात धाकट्या चौघींना आदल्याच वर्षी, १७३८ ला, फाँतव्रो नावाच्या लांबच्या मठात वाढायला पाठवलं होतं, त्यातली एक तिथंच गेली, बाकीच्या दहा-बारा वर्षांनी परत आल्या. म्हणजे एवढा मोठा महाल, हजारो माणसं, आणि बहिणी अशा एकेक करून वजा.

आता प्रेमाचं. आँरिएतचं मन बसलं होतं तिच्याच नात्यातल्या एका मुलावर, ऑर्लेआँ घराण्याच्या वारसावर. राजा आधी नाही म्हणत नव्हता, मग फिरला, कारण ऑर्लेआँ घराणं गादीच्या फार जवळ येईल अशी भीती. १७४३ ला त्या मुलाचं दुसरीकडे लग्न झालं. आँरिएतनं लग्न केलंच नाही. माझ्या गोष्टीतली धाकटी आणि तिचा तो चुलत घराण्यातला मुलगा, ज्याला राजा दरवाज्यातून परत पाठवतो, ते इथून आलंय, आणि ते प्रकरण वाचून ज्या ज्या मुलींनी मला रडल्याचं कळवलं त्यांना मी सांगते की मीही लिहिताना रडले होते.

आणि थोरलीचा हीरो इतक्या उशिरा का येतो, हा दुसरा नेहमीचा प्रश्न. खऱ्या एलिझाबेथला ३१ डिसेंबर १७४१ ला पहिली मुलगी झाली. वजाबाकी करून बघा, ती चौदाची होती. माझ्या वाचकांतल्या कितीतरी जणी आत्ता चौदाच्या आहेत. हे मी गोष्टीत घेतलं नाही आणि घेणारही नाही. माझ्याकडे थोरली आणि तिचा राजपुत्र दोघं पुरते मोठे होईपर्यंत फक्त सोबती आहेत, तो तिला तिथली भाषा शिकवतो, ती त्याला नकाशे वाचायला शिकवते, आणि प्रेम दुसऱ्या भागाच्या शेवटी येतं, दोघं विशीत आल्यावर, तिनं स्वतः म्हटल्यावर. तुम्हाला ते हळू वाटतं हे मला कळतं पण त्या खऱ्या मुलीला जे मिळालं नाही ते मला इथं द्यायचं होतं, वेळ.

जादू कुठून आली तेही सांगते कारण तो माझा सगळ्यात लाडका भाग आहे. नातिए म्हणून दरबारातला चित्रकार होता, त्यानं १७५०-५१ च्या सुमाराला राजाच्या चार मुलींची चार चित्रं काढली, प्रत्येक जण एकेक महाभूत म्हणून. एलिझाबेथ पृथ्वी, आँरिएत अग्नी, पुढच्या दोघी वायू आणि जल. ती चारही चित्रं आज ब्राझीलमध्ये साओ पाउलोच्या म्युझियममध्ये आहेत. मी पहिल्यांदा त्यांचे फोटो पाहिले तेव्हा अक्षरशः उठून उभी राहिले. जी घरातून उपटून दुसऱ्या मातीत लावली ती पृथ्वी, आणि जी घरी राहून आतल्या आत जळत राहिली ती अग्नी. चित्रकारानं असा काही विचार केला असेल असं माझं म्हणणं नाही पण मला तसं दिसलं, आणि थोरलीच्या पायाखाली माती कूस बदलते, धाकटीच्या हाताशी समईची वात आपोआप लागते, ते सगळं तिथून सुरू झालं.

मला बहीण नाही म्हटलं ना. पण माझ्या आजीला होती, तिच्याहून दीड वर्षानं लहान. दोघींची लग्नं एकाच मांडवात लागली आणि एक कोल्हापूरकडे आली, दुसरी पार विदर्भात गेली. वर्षानुवर्षं भेट नाही, पोस्टकार्ड यायचं. आमच्याकडे भाद्रपदात उभ्या गौरी असतात, ज्येष्ठा आणि कनिष्ठा, दोघी बहिणीच त्या, तीन दिवसांच्या माहेरवाशिणी. तर आजी काय करायची, पूजनाच्या दिवशी रात्री आरत्या-झिम्मा सगळं आटोपलं, माणसं झोपली, की दोन्ही मुखवटे अगदी बोटभर एकमेकींकडे वळवायची. "बोलू देत गं जरा, उद्या जायचंय त्यांना." आणि पहाटे कुणी उठायच्या आत परत सरळ करायची. मी सात-आठ वर्षांची असेन, पाणी प्यायला उठले म्हणून मला दिसलं. ते मला कुणाला सांगावंसं वाटलं नाही. मोठेपणी व्हर्सायच्या या दोघींबद्दल वाचलं तेव्हा पहिल्यांदा डोळ्यासमोर ते मुखवटे आले.

म्हणून जेव्हा कुणी विचारतं की रोमान्स आहे तर त्यात बहीणच एवढी का, तर माझं सरळ मत असं आहे की जे प्रेम मुलीला तिच्या बहिणीपासून तोडून मागतं ते मी हीरोच्या तोंडी घालणार नाही. माझ्या दोन्ही मुलांना, राजपुत्राला आणि त्या चुलत घराण्यातल्या मुलाला, मी एकच परीक्षा ठेवलीये, की ही मुलगी बहिणीबद्दल बोलायला लागली की तू ऐकतोस का.

शेवटी भेटतात का, असं विचारणाऱ्यांसाठी. खऱ्या भेटल्या. फिलिप धाकट्या फळीतला राजपुत्र, त्याच्या वाट्याला स्वतःचं राज्य नव्हतं, ते १७४८ च्या तहात मिळालं, इटलीतलं पार्मा. मग माद्रिदहून पार्माला जाताना एलिझाबेथ वाट वाकडी करून व्हर्सायला आली, १७४८ च्या डिसेंबरात, आणि पुढच्या वर्षी शरद ऋतूपर्यंत राहिली. नऊ वर्षांनी. सोडून गेली तेव्हा बारा, आली तेव्हा एकवीस, सोबत सातवं पूर्ण होत आलेली मुलगी. ते जवळजवळ वर्ष त्यांना मिळालं, आणि मग फेब्रुवारी १७५२ ला आँरिएत वारली, चोविसाव्या वर्षी. एलिझाबेथ त्या वर्षी परत आली ती बहिणीच्या थडग्यापाशी. आँरिएतचं सगळ्यात प्रसिद्ध चित्र, लाल-सोनेरी पोशाखात मोठं तंतुवाद्य वाजवतानाचं, ते नातिएनं १७५४ मध्ये केलं, म्हणजे ती गेल्यावर दोन वर्षांनी. मग १७५९ च्या डिसेंबरात एलिझाबेथही गेली, देवीच्या साथीनं, आणि गेली तीही व्हर्सायलाच, माहेरी आलेली असताना. सँ-दनीच्या चर्चमध्ये तिला आँरिएतच्या शेजारी ठेवलं. १७९३ ला क्रांतीत तिथली राजघराण्याची थडगी उघडून सगळ्यांचे अवशेष खड्ड्यात टाकले, त्यातून त्याही सुटल्या नाहीत.

माझ्या धाकटीला मी चोविसाव्या वर्षी मारणार नाहीये, हे आत्ताच सांगून टाकते, कारण तुमच्यातल्या दोघी-तिघी हे खरं प्रकरण शोधून काढून घाबरल्या होत्या.

सध्या मी तो भेटीचाच प्रसंग लिहितेय आणि तीन आठवडे तिथंच अडकलेय. थोरली गाडीतून उतरते, धाकटी जिन्यावर उभी आहे, दोघींच्या मनात समोरची अजून बारा वर्षांची आहे. नऊ वर्षं एक जण परक्या भाषेत जगलीये, स्वप्नंसुद्धा त्याच भाषेत पडतात तिला. पहिला शब्द कोण बोलणार आणि कुठल्या भाषेत, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. काल रात्री एवढंच लिहिलं की धाकटी दिवा उचलते आणि थोरलीच्या चेहऱ्यावर उजेड पडावा म्हणून बोटभर तिच्याकडे वळवते.