अंजिराला खत जास्त झालं

आमच्या परसात मागच्या कुंपणाला लागून अंजिराचं एक झाड आहे. लावून पाच वर्षं झाली. पहिली दोन वर्षं मी त्याच्याकडे काही मागितलं नाही. तिसऱ्या वर्षापासून मात्र कोंबड्यांचं खुराडं उघडायला जाताना रोज पानं वर करून बघायला लागले. काही नाही. चौथ्या वर्षी मी बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानाच्या तेराव्या अध्यायातला दाखला, म्हणजे येशूनं सांगितलेली बोधकथा, शब्दशः अमलात आणला.

दाखला छोटा आहे, जेमतेम चार वचनांचा (13:6-9). मळ्यात अंजिराचं झाड. मालक तीन वर्षं फळ शोधत येतोय, मिळत नाही. तो माळ्याला सांगतो, तोडून टाक, जागा कशाला अडवतंय? माळी म्हणतो, एवढं एक वर्ष राहू द्या. मी भोवती खणतो, खत घालतो. मग फळ आलं तर ठीक, नाहीतर तोडा.

मीही खणलं. खुराड्यातलं खत घमेलं भरभरून ओतलं, तेही नीट न कुजलेलं. प्रार्थनाही केली, ते वेगळं सांगायला नको. त्या वर्षी झाडानं ताटाएवढी पानं काढली. शेजारीपाजारी कौतुक करून गेले. अंजीर एक नाही.

नंतर कळलं ते असं. कोंबडीच्या खतात नत्र भरपूर असतं, आणि नत्र जास्त झालं की अंजीर पानांच्या मागे लागतं, फळं विसरतं. त्याची मुळंही वरवरच पसरलेली असतात, त्यामुळे मी खोल कुदळ मारली तेव्हा त्यातली बरीच तोडली. आणि ‘नीटनेटकं दिसावं’ म्हणून थंडीत जुन्या फांद्या छाटल्या, तिथे तर कहरच केला. अंजिराचा पहिला बहर गेल्या वर्षीच्या लाकडावर येतो, मुख्य बहर नव्या फुटीवर. म्हणजे पहिला बहर मी स्वतःच कापून टाकला होता.

माझी थोडी चिडचिड झाली. वचनात तर खत घाला म्हटलंय! मग एका संध्याकाळी तो दाखला पुन्हा वाचला आणि एक गोष्ट टोचली. मी इतकी वर्षं स्वतःला त्यातला माळी समजत होते. पण माळ्याला आपलं झाड ठाऊक आहे, त्याला काय कमी पडतंय ते तो जाणतो. मला काय ठाऊक होतं? मी तर फक्त फळ शोधत यायची. पानं वर करायची, बघायची, सुस्कारा टाकून निघून जायची. दाखल्यात हे काम माळी करत नाही, मालक करतो. कुऱ्हाडीची भाषाही त्याचीच.

हे झाडापुरतंच असतं तर मी लिहायला बसले नसते.

आमचा मुलगा विसाव्या वर्षी चर्चमध्ये उपासनेला यायचा बंद झाला. भांडण नाही, वाद नाही, नुसता येईनासा झाला. मग मी काय केलं असेल? खत घातलं. रोज सकाळी सातला फोनवर एक वचन. रविवारी उपदेशाची ध्वनिफीत. पाळकांना सांगून त्याला दोनदा फोन करवला. त्याची उत्तरं यायची, “हो आई”, “छान आहे आई”, सोबत जोडलेल्या हातांचं चित्र. पानंच पानं. आणि मी दर सुट्टीत त्याच्या चेहऱ्यावर काही दिसतंय का ते बघत बसायची.

मार्कच्या चौथ्या अध्यायात एक दाखला आहे, त्यावर उपदेश मी फार कमी वेळा ऐकलाय (4:26-29). माणूस बी टाकतो, रात्री झोपतो, दिवसा उठतो. बी रुजतं, वाढतं, कसं ते त्याला कळत नाही. जमीन आपोआप पीक देते, आधी पात, मग कणीस, मग कणसात भरलेला दाणा. त्यातल्या माणसाचा मुख्य पराक्रम म्हणजे झोप. मला ते कधीच जमलं नाही. घेवडा पेरला की तिसऱ्या दिवशी बोटानं माती उकरून मोड आलाय का ते बघणारी मी, आणि त्या उकरण्यात मोड मोडल्याची कबुलीही इथेच देते.

खुडूक कोंबडी याबाबतीत माझ्यापेक्षा फार पुढे आहे. अंड्यांवर 21 दिवस बसते. दिवसातून एकदा दाणापाण्यापुरती उठते, अंडी चोचीनं फिरवते, पुन्हा बसते. आत काय चाललंय ते कवच फोडून बघत नाही. (मी टॉर्च लावून बघते. तिला ते आवडत नाही, आणि तिचं बरोबर आहे.) प्रभू येशूनं स्वतःला कोंबडीची उपमा दिली, पिल्लं पंखांखाली घेणारी, ते सगळ्यांना आठवतं. मत्तय 23:37 चा शेवट मी मात्र नेहमी घाईत वाचायची: पण तुमची इच्छा नव्हती. कोंबडी पंख पसरते, ओढून आत घेत नाही. हे वाचून मी खुराड्यापाशी बराच वेळ पाटी उपडी घालून बसले होते.

सकाळचं वचन मी बंद केलं. एकदम नाही, तेवढी सुधारलेली नाही. आधी एक दिवसाआड, मग रविवारी, मग नाहीच. त्याऐवजी बागेतले फोटो पाठवते. गाजराच्या वाफ्यात तण समजून मी गाजराचीच रोपं उपटली, त्याचा फोटो पाठवला तेव्हा बऱ्याच महिन्यांनी त्याचा आपणहून फोन आला. हसत होता. मत्तयच्या तेराव्या अध्यायात निदणाचा, म्हणजे गव्हातल्या तणाचा, दाखला आहे, निदण गोळा करताना गहू उपटाल म्हणून कापणीपर्यंत दोन्ही वाढू द्या, असा. तो माझ्या अगदी जिभेवर आला होता. गिळला.

अंजिराला या वर्षी काही घातलं नाही. बुंध्यापासून जरा लांब पाचोळा पसरला, उन्हाळ्यात पाणी दिलं, छाटणी टाळली. गंमत म्हणजे लूकचा दाखलाही तिथेच थांबतो. पुढच्या वर्षी फळ आलं की कुऱ्हाड पडली, ते येशूनं सांगितलेलंच नाही. लहानपणी रविवारच्या शाळेत मी बाईंना विचारलं होतं, मग झाडाचं काय झालं? त्यांनी पुढचं गाणं घ्यायला लावलं.

गेल्या आठवड्यात पानांच्या बगलेत वाटाण्याएवढ्या चार गाठी दिसल्या. परवा त्यातली एक गळून पडलेली सापडली. रात्री मुलाचा फोन होता. जेवण, काम, पाऊस असं सगळं झाल्यावर त्यानं विचारलं, “तुझं ते अंजीर काय म्हणतंय?”

“पानं छान आहेत,” मी म्हटलं.