एकोणीस आणि एकसष्ट

गेल्या मे महिन्यातला शुक्रवार. दुपारी साडेतीनला तज्ज्ञ समितीपुढे आमच्या संशोधन प्रकल्पाचं ऑनलाइन प्रेझेंटेशन होतं. दहा मिनिटं आम्ही बोलायचं, पाच मिनिटं त्यांनी विचारायचं, आणि तेवढ्यावर तीन वर्षांच्या निधीचं ठरणार. सोलापुरातला मे, त्यात आठवडाभर लाईटचा लपंडाव चालला होता. म्हणून सकाळी सातलाच कॉलेजात येऊन इन्व्हर्टर असलेल्या खोलीत लॅपटॉप मांडून बसले होते.

मी गणित शिकवते. बीएस्सीच्या मुलांना डिफरन्शियल इक्वेशन्स. चारेक वर्षांपूर्वी शहरातल्या एका रुग्णालयातल्या मायक्रोबायोलॉजीच्या डॉक्टर मॅडमशी ओळख झाली आणि तीच समीकरणं रक्ताच्या नमुन्यांवर लावायला लागले. प्रकल्प साधा होता. रुग्णालयातल्या ६४ सफाई कामगारांना हिपॅटायटिस बीची, म्हणजे रक्तातून पसरणाऱ्या यकृताच्या आजाराची, लस द्यायची. पहिला डोस, महिन्याने दुसरा, सहाव्या महिन्यात तिसरा. पाच वेळा रक्त घ्यायचं, अँटिबॉडी (विषाणूला अडवणारं रक्तातलं प्रथिन) मोजायची आणि त्या पाच बिंदूंमधून प्रत्येकाची रेषा काढायची. कुणाचं संरक्षण किती टिकेल, कुणाला लशीची दुसरी फेरी लागेल, हे लवकर सांगता येतं का ते बघायचं. एवढं काम कॉलेजच्या छोट्या निधीतून चाललं होतं. पुढचं मोठं काम करायचं तर बाहेरचा पैसा हवा होता.

लस टोचल्यावर शरीरात अँटिबॉडी बनवणाऱ्या पेशी तयार होतात. त्यातल्या पुष्कळशा घाईने काम करून थोड्या दिवसांत मरतात. थोड्या अस्थिमज्जेत जाऊन मुक्काम ठोकतात आणि वर्षानुवर्षं थोडी थोडी अँटिबॉडी बनवत राहतात. म्हणून आलेख आधी चढतो, मग भरकन उतरतो, मग संथ होतो. हिपॅटायटिस बीसाठी १० एककांची रेघ जगभर मानली जाते. तिसऱ्या डोसनंतर एक-दोन महिन्यांनी त्या रेघेच्या वर असलात तर संरक्षित. धडधाकट मोठ्या माणसांतही शंभरातले पाच-दहा जण तीन डोस घेऊनही त्या रेघेपर्यंत पोचत नाहीत. त्यांना नॉन-रिस्पॉन्डर म्हणतात.

त्या सकाळी मी शेवटच्या स्लाइडसाठी ६४ रेषा एकावर एक काढत होते. बासष्ट ठीक बसल्या. दोन बसेनात.

एकसष्ट नंबरच्या कामगाराचा चौथा नमुना, म्हणजे तिसऱ्या डोसनंतर चार आठवड्यांनी घेतलेला, ६४० होता. त्यानंतर २८ दिवसांनी घेतलेला पाचवा, ६. आणि एकोणीस नंबरचा चौथा नमुना ५ च्याही खाली, पाचवा ४१०.

खरं सांगते, पहिला विचार आला तो या दोन रेषा स्लाइडवरून काढून टाकायचा. चौसष्टमधल्या दोन, कोण विचारतंय? पण एकसष्टच्या रेषेवरून नजर हटेना. रक्तातल्या या अँटिबॉडीचं (आयजीजी तिचं नाव) अर्धं आयुष्य, म्हणजे ती निम्मी व्हायला लागणारा काळ, सुमारे २१ दिवसांचं असतं. समजा एकसष्टच्या शरीराने नवी अँटिबॉडी बनवणं त्याच दिवशी पूर्ण बंद केलं, तरी ६४० चे २१ दिवसांत ३२० होणार, आणि उरलेल्या सात दिवसांत फार तर २५० पर्यंत येणार. ६ येऊच शकत नाही. एकट्या एकोणीसचा आकडा पाहिला असता तर म्हणाले असते, प्रतिसाद उशिरा आला असेल. पण एकाचा अशक्य उतार आणि दुसऱ्याचा अचानक चढ, दोन्ही एकाच दिवशीच्या नमुन्यात?

डॉक्टर मॅडमना फोन लावला. त्या म्हणाल्या, "मी लॅबमध्ये भाऊंना सांगते, पाचव्या खेपेचा रॅक काढून ठेवतील. तुम्ही लगेच या."

भाऊ आमचे टेक्निशियन. त्यांनी फ्रीजरमधून रॅक काढला आणि झाकणांवरचं दव रुमालाने टिपलं. चार खेपा छापील लेबलं होती. पाचव्या खेपेला लेबलांचा रोल संपला. काही शे रुपयांची वस्तू, पण खरेदीचा कागद कुठल्याशा टेबलावर अडकला होता. मग भाऊंनी प्रत्येक छोट्या कुपीच्या गोल झाकणावर मार्करने इंग्रजी आकड्यांत नुसता नंबर घातला. बाजूला लिहिलेलं होतं ते थंडीत पुसून गेलेलं.

भाऊंनी एक कुपी चिमटीत धरून माझ्यापुढे केली. झाकणावर एकसष्ट. मग ती हळूच अर्धी फिरवली. एकोणीस.

गोल झाकणाला वर-खाली नसतं. इंग्रजी आकड्यांत एकोणीस लिहून कागद उलटा धरा, एकसष्ट दिसतं. सहा आणि नऊ या नंबरांखाली रेघ मारायची सगळ्याच लॅबमध्ये सवय असते. एकोणीसखाली कोण मारतं? सोळा उलटा धरला तर एक्क्याण्णव होतो, अठरा उलटा धरला तर एक्क्याऐंशी, पण आमच्याकडे चौसष्टच माणसं, त्यामुळे तसली चूक जागच्या जागी कळली असती. एकोणीस आणि एकसष्ट मात्र दोघंही यादीत होते. एक कुपी चुकीच्या खणात गेली, मग दुसरीसाठी रिकामा राहिलेला खण उरलाच होता. रॅक पूर्ण भरला, कुणाला काही खटकलं नाही.

"माझ्याच हातनं झालं वो मॅडम," भाऊ म्हणाले आणि खाली बसले. मी त्यांना काय बोलणार? त्या महिन्यात हा माणूस ओपीडीच्या तपासण्या उरकून संध्याकाळी आमचं काम करत होता, तेही मानधनाशिवाय, कारण आमच्या निधीत टेक्निशियनच्या पगाराला जागाच नव्हती. आकडे संगणकात भरायला माझी एक विद्यार्थिनी होती, तिची परीक्षा चालू होती.

पण आता आकड्यांचं काय ते नंतर. पाचव्या नमुन्यावरून सगळ्यांना चिठ्ठ्या देऊन पंधरा दिवस झाले होते. एकसष्टला आम्ही "संरक्षण नाही" लिहून दिलं होतं, एकोणीसला "संरक्षित". लस न घेतलेल्या माणसाला बाधित रुग्णाची सुई टोचली तर हिपॅटायटिस बी होण्याची शक्यता ६ ते ३० टक्के असते, आणि लस घेऊनही ज्याच्या शरीराने दाद दिली नाही त्यालाही लस न घेतलेलाच धरावं लागतं. अशा माणसाला सुई टोचल्यावर इम्युनोग्लोब्युलिनचं, म्हणजे तयार अँटिबॉडीचं, इंजेक्शन शक्यतो २४ तासांच्या आत द्यायचं असतं. संरक्षित असल्याचा कागद ज्याच्याकडे असतो, त्याला ते देत नाहीत.

मला कुणाची नावं माहीत नसतात, नसावीतच. मॅडमनी कपाटातली यादी काढली, दोघांनाही फोन केले. एकसष्ट नंबरचा तरुण मुलगा ड्युटीवरच होता, दहा मिनिटांत आला. त्याचं लग्न ठरलेलं. पंधरा दिवस त्याने ती चिठ्ठी घरी कुणाला दाखवली नव्हती. एकोणीस नंबरच्या अक्का रात्रपाळी करून घरी झोपल्या होत्या. मॅडम ओपीडी सोडून निघू शकत नव्हत्या. त्यांनी अक्कांना विचारून घेतलं आणि मला म्हणाल्या, "चूक आपली आहे. भाऊंना एकटं पाठवायला नको, तुम्ही जाल का?"

साडेअकरा वाजले होते. भाऊंच्या मोटारसायकलवर मागे बसले, मांडीवर आइस पॅकचा डबा. विडी घरकुलापर्यंत, म्हणजे विडी कामगारांच्या वसाहतीपर्यंत, पोचेस्तोवर ओढणीखालचं डोकं भाजून निघालं.

दारातच अक्कांच्या सासूबाई विड्या वळत बसल्या होत्या. मांडीवर सूप, सुपात तंबाखू, बाजूला ओल्या फडक्यात पानं. पत्र्याचं माप पानावर ठेवून कात्री फिरवायची, चिमूट तंबाखू, दोन बोटांत वळायचं, दोऱ्याचे दोन वेढे. आमच्याकडे बघतानाही हात थांबला नाही. आत तेलुगूत हाक मारली. अक्का उठून आल्या, आधी पाण्याचा तांब्या दिला.

मी सांगितलं, अक्का, तुमच्या चिठ्ठीत चूक झाली आहे, तुमची बाटली आणि दुसऱ्याची बाटली बदलली. लस तुम्हाला लागू पडलेली नसावी, म्हणून परत रक्त घ्यायला आलोय.

त्या काही बोलल्या नाहीत. कपाटावरची पत्र्याची पेटी काढली. रेशन कार्ड, आधार, विडी कामगाराचं कार्ड सासूबाईंचं, आणि त्यात आमची चिठ्ठी. लॅमिनेट केलेली. कडा व्यवस्थित कापून घेतलेल्या.

"पोराला सांगितलं होतं, जपून ठेव म्हणून," त्या म्हणाल्या. "मॅडम, ह्या पंधरा दिवसांत सुई टोचली असती मला, तर?"

मी खरं ते सांगितलं. तुम्ही ही चिठ्ठी दाखवली असती आणि डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं नसतं.

"टोचली का कधी?" भाऊंनी विचारलं.

"नाही. ह्या वेळी नाही."

दंडाला पट्टा बांधून भाऊंनी शीर शोधली, दोनदा बोटाने दाबून पाहिली. नळी भरली. या वेळी भाऊंनी नंबर नळीच्या पोटावर लिहिला, अक्षरांत. एकोणीस. खाली दोन रेघा.

परत कॉलेजात आले तेव्हा सव्वातीन. तीन पंचवीसला लाईट गेली, इन्व्हर्टरने धरलं. स्लाइड बदलायला वेळ नव्हता, बदलायचीही नव्हती. सकाळच्या आलेखात एकसष्ट आणि एकोणीसच्या वाकड्या रेषा तशाच होत्या.

समितीतल्या एका ज्येष्ठ सरांनी पहिलाच प्रश्न विचारला तो मला अपेक्षित होता. तुम्ही गणिताच्या. मॉडेलिंगला लॅपटॉप पुरतो. मग खर्चात तपासणीची किट, प्रवास आणि फील्ड असिस्टंट कशासाठी? परदेशातला डेटा मोफत उपलब्ध आहे, तो घ्या.

प्रश्न वाईट हेतूचा नव्हता. आपल्याकडे गणिताचा निधी तसाच आखलेला असतो. गणितज्ञांसाठीच्या मॅट्रिक्स योजनेत वर्षाला २ लाख मिळत, आणि कागद-पेन, प्रवास, एखादी परिषद एवढ्याला ते पुरतही. मोफत डेटाही खराच. अमेरिकेत २०१० पासून सरकारी निधीतून मानवी प्रतिकारशक्तीचा अभ्यास करणारा संशोधनगटांचा मोठा संघ चालतो. त्यांनी २४ लशी घेतलेल्या १,४०५ जणांची माहिती एका जागी आणून सर्वांना खुली केली. मी स्वतः त्यावरच शिकले. २००९ साली पीतज्वराच्या लशीवरचं काम प्रसिद्ध झालं, त्यात लस टोचल्यावर पहिल्या काही दिवसांतल्या रक्तातल्या जनुकांच्या हालचालीवरून पुढचा प्रतिसाद आधीच ओळखता आला होता. ते वाचून मी या वाटेला आले. पण त्या माहितीत सोलापूर नाही. रात्रपाळी करणारी, दिवसभर तंबाखूच्या धुळीत श्वास घेणारी बाई त्यात नाही. आणि लस सगळीकडे सारखी लागू पडत नाही. लहान मुलांना जुलाब करणाऱ्या रोटाव्हायरसची लस श्रीमंत देशांत ८५ टक्क्यांच्या वर काम करते. आपल्याकडे बनलेल्या त्याच रोगाच्या लशीचा, रोटाव्हॅकचा, आकडा पहिल्या वर्षात ५६ टक्क्यांच्या आसपास आला.

हे सगळं मी बोलले. मग सकाळचं सांगितलं. झाकण, उलटा नंबर, २१ दिवसांचं अर्धं आयुष्य, दोन चुकीच्या चिठ्ठ्या. म्हटलं, मॉडेलने ही चूक पकडली, पण पाच वेळा रक्त घेतलं होतं म्हणून पकडली. फक्त शेवटचा नमुना घेतला असता तर एकोणीसचा ४१० बिनबोभाट खरा ठरला असता. आणखी एक सांगितलं. साथींच्या गणिताचा पाया म्हणून सगळे केरमॅक आणि मॅकेन्ड्रिक यांचा १९२७ चा निबंध सांगतात. त्यात समीकरण ताडून पाहायला वापरलेले आकडे मुंबईतल्या १९०५-०६ च्या प्लेगचे आहेत, आठवड्यागणिक मृत्यूचे. त्या दोघांची नावं राहिली. दर आठवड्याला ते आकडे नोंदवणारे कारकून कोण होते, कुणाला ठाऊक नाही. पण त्यांनी ते नीट लिहिले म्हणून वक्र आकड्यांवर बसला. मला त्या कारकुनाचा पगार हवाय, सर.

पलीकडे थोडा वेळ कुणी बोललं नाही. मग अध्यक्षांनी आभार मानले आणि पुढच्याला बोलावलं.

संध्याकाळी सातला डॉक्टर मॅडमचा मेसेज आला. एकसष्ट: ४६०. एकोणीस: ५ च्या खाली. एकसष्टच्या मुलाला त्यांनी फोन केला, तो फोनवर रडला. अक्कांना हिपॅटायटिस बीचा संसर्ग आहे का हे सुरुवातीलाच तपासलेलं होतं, तो नव्हता. सोमवारी त्यांना दुसऱ्या फेरीचा पहिला डोस दिला आणि नवी चिठ्ठी दिली. सुई टोचल्यास ताबडतोब इंजेक्शन, असं मोठ्या अक्षरांत.

ऑगस्टमध्ये पत्र आलं. प्रकल्प मंजूर, रक्कम कमी करून. कॉम्प्युटर मंजूर, तो मी मागितलाही नव्हता एवढा मोठा. किट निम्मी. फील्ड असिस्टंटच्या रकान्यात शून्य. शेरा होता, हे काम सहभागी संस्थेच्या विद्यमान कर्मचाऱ्यांकडून करून घ्यावं. मी उत्तर लिहिलं, कॉम्प्युटर नको, ती रक्कम असिस्टंटकडे वळवा. एका खर्चशीर्षातून दुसऱ्यात रक्कम हलवायची परवानगी मागणारं ते पत्र अजून फिरतंय. तोवर भाऊ संध्याकाळी थांबतात. लेबलांचे चार रोल मी स्वतः आणून ठेवलेत.

अक्कांचा दुसऱ्या फेरीचा तिसरा डोस डिसेंबरात झाला. जानेवारीत गड्ड्याच्या जत्रेची गर्दी ओसरल्यावर रक्त द्यायला त्या स्वतःहून लॅबमध्ये आल्या. भाऊंनी छापील लेबल चिकटवलं, नळी त्यांच्यापुढे धरली आणि नंबर वाचायला लावला.

"एकोणीस," अक्का म्हणाल्या. मग नळी स्वतः हातात घेऊन उलटी करून पाहिली, आणि परत सरळ करून भाऊंच्या हातात दिली.