गरम झाली की चाक धरणारी पद्मिनी

फोंड्यात माझं गॅरेज आहे. रोजचं काम नव्या गाड्यांचंच असतं, पण जुनी फियाट किंवा अँबेसेडर आली की मी ती पोरांकडे देत नाही, स्वतःच हात घालतो. पावसाळा संपल्यावर वाळपईचे एक निवृत्त सर त्यांची ७८ सालची प्रीमियर पद्मिनी, म्हणजे आपली जुनी फियाटच, घेऊन आले. वडिलांनी घेतलेली गाडी, कुर्ल्याच्या कारखान्यातली, गिअरचा दांडा अजून स्टिअरिंगपाशी, आणि सरांनी ठेवलीय पण तशी. तक्रार अशी की सकाळी काढली की मस्त चालते, थोडं अंतर गेलं की डावीकडे ओढायला लागते, पुढच्या डाव्या चाकाचा जळका वास येतो, आणि बाजूला थांबवून अर्धा तास गेला की सगळं परत ठीक.

आधी दुसऱ्या एका गॅरेजमध्ये त्या चाकाचा व्हील सिलिंडर, म्हणजे ऑइलच्या दाबाने ब्रेक लावणारा चाकातला भाग, गळतो म्हणून बदलला होता. ओढायचा प्रकार त्यानंतर सुरू झाला. मग तिथेच ब्रेकचे शू बदलले, ते शू ज्याला आतून घासतात तो चाकाचा ड्रम लेथवर मारून आणला, तरी तेच. आणि सरांना त्याच गाडीने चोर्ला घाटातून बेळगावला भाचीच्या लग्नाला जायचं होतं.

"आता बदलायचं तरी काय राहिलंय रे?" सर म्हणाले.

मी म्हटलं सर, आत्ता काहीच बदलायचं नाही, आधी चाक धरतं कुठे ते बघू. जॅकवर घेऊन फिरवलं तर चाक एकदम मोकळं. थंड गाडीत हा फॉल्ट दिसतच नाही, आणि बरेच लोक इथेच फसतात, कारण गाडी गॅरेजला पोचेपर्यंत गार झालेली असते आणि मग अंदाजाने पार्ट बदलत बसतात. म्हणून हत्यारं डिकीत टाकली, सरांना बाजूला बसवलं आणि निघालो. फर्मागुडीचा चढ चढून पुढे मुद्दाम ब्रेक मारत मारत मार्दोळपर्यंत आलो तोवर स्टिअरिंग डावीकडे ओढायला लागलं आणि वास पण आला. लगेच कडेला घेतली. ड्रमवर बाटलीतलं पाणी शिंपडलं तर चर्र करून उडून गेलं, उजव्या ड्रमवर नुसतं ओघळलं.

आता घाई करावी लागते, गार व्हायच्या आत. जॅक लावला, चाक हाताने हलेना. हँडब्रेकचा इथे संबंध नाही, तो पुढच्या चाकांना नसतो. मग दोनच गोष्टी उरतात, एकतर आत शू किंवा स्प्रिंग अडकलीय, नाहीतर पेडल सोडल्यावर ब्रेक ऑइल परत जात नाहीये आणि प्रेशर कोंडून राहिलंय. ते ओळखायला डोळ्यांवर चष्मा लावून निपल, म्हणजे एअर काढायचा चाकामागचा छोटा स्क्रू, जरासा सैल केला. ऑइलची पिचकारी उडाली आणि चाक त्याच क्षणी मोकळं. म्हणजे शू, ड्रम, स्प्रिंग सगळे निर्दोष. पेडलला जोडलेल्या मास्टर सिलिंडरचं, ऑइल परत वरच्या डबीत जायचं भोक बुजलं असतं तर एकच चाक धरलं नसतं.

मग निपल बंद करून पेडल मारलं, चाक परत जाम. या वेळी निपलला हात लावला नाही, चाकाकडे ऑइल नेणारा रबरी होज, म्हणजे नळी, जिथे लोखंडी पाइपला जोडलेला असतो तो नट सैल केला. थोडंसं ऑइल ठिबकलं पण चाक जामच. नटापर्यंत प्रेशर नाही आणि चाकाकडे आहे, मग अडलंय मधल्या होजमध्येच. सर शेजारी उकिडवे बसून बघत होते, त्यांना पाना हातात धरायला दिला आणि समजावलं, पायाचा जोर मोठा असतो म्हणून ऑइल ढकलून पुढे जातं, पण परत आणायला फक्त शूच्या स्प्रिंगा, त्यांची ताकद तेवढी नसते. चाक थोडं घासतं, गरम होतं, ऑइल फुगतं, रबर पण नरम पडून अजून फुगतं, मग जास्तच घासतं.

आणि हे नुसतं शूवरचं लायनर झिजण्यापुरतं नाही. डॉट ३ नावाचं हे ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढतं, आपल्या गोव्याच्या पावसात तर बघायलाच नको. नवं कोरडं असताना ते २०५ डिग्रीच्या खाली उकळता कामा नये, पाणी मुरल्यावर तीच हद्द १४० वर येते. तापलेल्या ड्रममध्ये असं ऑइल उकळलं की वाफ होते आणि पेडल सरळ तळाला जातं. आणि या जुन्या फियाटला ब्रेक ऑइलची लाइन एकच, चारही चाकांना मिळून. चोर्ल्याच्या उतारावर हे झालं असतं तर, विचार करूनच मला कसंतरी झालं.

निपलमधून प्रेशर सोडून सावकाश गॅरेजला आलो. होज काढला, बाहेरून अगदी चांगला, चीर नाही, गळती नाही. मात्र मध्यावर दोन चपटे दात उमटलेले. व्हाइस ग्रिपचे, म्हणजे आवळून धरणाऱ्या पकडीचे! सिलिंडर बदलताना ऑइल गळू नये म्हणून कोणीतरी होजच आवळून ठेवला होता. ब्लेडने उभा चिरला तर बरोबर त्या जागी आतलं अस्तर सुटून जिभेसारखं लोंबत होतं.

नवीन होज मुंबईहून मागवले, तीनही, पुढचे दोन आणि मागचा. दुकानात वर्षानुवर्षं पडलेला जुना स्टॉक मी घेत नाही, रबर खोक्यात पण म्हातारं होतं. तांब्याचे वॉशर नवे घातले, होजला पीळ बसला नाही ना आणि स्टिअरिंग पूर्ण वळवल्यावर टायरला घासत नाही ना हे दोन्ही बाजूंनी बघितलं, जुनं ऑइल सगळं काढून टाकलं आणि नवं भरून मागच्या डाव्या चाकापासून लाइनमधली एअर काढत आलो. परत मार्दोळपर्यंत फेरी मारली, पुढचे दोन्ही ड्रम सारखेच कोमट.

सरांनी चिरलेला होज मागून घेतला, त्या गॅरेजवाल्याला दाखवायला. मी म्हटलं जरूर दाखवा, पण भांडू नका, तिथल्या पोराला एवढंच सांगा की ऑइल थांबवायचं असेल तर सीट आणि पेडलच्या मध्ये काठी लावून पेडल थोडं दाबून ठेवायचं, मास्टरचं भोक बंद होतं आणि वरच्या डबीतलं ऑइल खाली येत नाही, होजला हात लावायची गरजच पडत नाही.