लंबवर्तुळ काढताना करंजी होऊ नये म्हणून

९क्ष² + ४य² − ३६क्ष + ८य + ४ = ०. अकरावीच्या शांकवांतलं (शंकू कापून मिळणाऱ्या वक्रांतलं) असं समीकरण नौपाड्यातून आणलेल्या सुट्या ग्राफ पेपरवर उतरवलं, त्याची ही नोंद. आधी एवढंच पाहिलं: दोन्ही वर्गांचे सहगुणक एकाच चिन्हाचे पण वेगवेगळे, आणि क्ष-य गुणाकाराचं पद नाही. म्हणजे लंबवर्तुळ, तेही तिरकं नसलेलं.

मग पूर्ण वर्ग. ९(क्ष² − ४क्ष) + ४(य² + २य) = −४. बहुतेकांचं गणित इथेच फसतं. कंसात ४ मिळवले की उजवीकडेही ४च लिहिले जातात. पण कंसाबाहेर ९ उभा आहे, खरे मिळवले ३६. दुसऱ्या कंसात १, म्हणजे बाहेर ४. उजवीकडे −४ + ३६ + ४ = ३६. (तिथे शून्य आलं असतं तर नुसता बिंदू, ऋण आलं असतं तर काहीच नाही.) ३६ ने भागून:

(क्ष − २)²/४ + (य + १)²/९ = १

केंद्र (२, −१). मोठा छेद य खाली, म्हणून लांब अक्ष उभा. अर्धी लांबी ३, ९ नव्हे; आडवी २. टोकं (२, २), (२, −४), (०, −१), (४, −१).

प्रमाण दोन्ही अक्षांवर १ एकक = २ सेमी. आडवं चुकून ३ सेमी घेतलं तर हेच लंबवर्तुळ चक्क गोल दिसतं!

चार बिंदू हाताने जोडले की करंजी होते, टोकं निघतात. म्हणून क्ष = १ घातलं: य + १ = ±२.६, म्हणजे य १.६ आणि −३.६. क्ष = ३ ला सममितीने तेच. आठ बिंदू पुरतात, फक्त वर-खाली पेन्सिल क्षणभर आडवी आणि बाजूंना उभी सरकली पाहिजे.

नाभींसाठी (लांब अक्षावरचे, केंद्रापासून सारख्या अंतरावरचे आतले दोन ठरावीक बिंदू) कंपासात ६ सेमी, म्हणजे लांब अक्षाची अर्धी लांबी, घेऊन (४, −१) वर टोक ठेवलं आणि उभा अक्ष कापला: केंद्रापासून वर-खाली साधारण ४.५ सेमी. हिशोबाने √(९ − ४) = २.२४ एकक. सवयीने ९ + ४ केलं तर ३.६ येतं आणि नाभी वक्राबाहेर पडते, तेव्हा चूक लगेच दिसते.

शेवटी पट्टीने तपासणी. वक्रावरच्या कुठल्याही बिंदूपासून दोन्ही नाभींच्या अंतरांची बेरीज १२ सेमी यायला हवी. (३, १.६) पासून माझी २.१ आणि ९.९ आली.