१:४८ गलबत : बांबूचा डेक बसला, तळाला चुन्याचा रंग चढला

मराठा आरमारातील गलबताच्या १:४८ प्रमाणातील प्रतिकृतीवर आता फळ्या पूर्ण बसल्या आहेत, बांबूचा डेक बांधून झाला आहे, पाण्याखालच्या भागाचे रंगकाम संपले आहे आणि यापुढे डोलकाठ्या, दोर व शीड एवढे काम राहिले आहे. ही प्रतिकृती तयार संचावरून केलेली नाही. तिची मापे ठरवण्यापासूनच काम सुरू झाले, आणि म्हणून प्रत्येक निर्णयामागे आधार कोणता होता व गृहीतक कोणते होते हे येथे सविस्तर नोंदवत आहे, म्हणजे पुढे ज्याला गलबत करायचे असेल त्याला ते तपासून घेता येईल.

वडोद्याला समुद्र नाही, पण वडोद्याच्या राज्याला आरमार होते. अठराव्या शतकाच्या अखेरीस गायकवाडांनी सुरतेच्या दक्षिणेला बिलिमोरा बंदरात सुभा आरमार उभे केले आणि तेथे सुमारे ५० जहाजांचा ताफा ठेवला. दांडिया बाजारातल्या आमच्या घरी गायकवाडी पागेच्या आणि शिलेदारांच्या कितीतरी गोष्टी सांगितल्या जात, आरमाराची मात्र एकही नाही. युरोपीय युद्धनौकांच्या प्रतिकृती आपल्यातले अनेक जण उत्तम करतात. आपल्या किनाऱ्यावरची लहान लढाऊ जहाजे तेवढ्याच काळजीने कोणीतरी केली पाहिजेत असे मला मनापासून वाटते.

अडचण अशी की आपल्याकडचे मिस्त्री कागदावर आराखडा न काढता अनुभवाने आणि डोळ्याच्या मापाने जहाज बांधत, आणि आंग्र्यांचे आरमार तर फेब्रुवारी १७५६ मध्ये विजयदुर्गाच्या खाडीत इंग्रजांच्या हल्ल्यात जळून गेले. राहते ते शब्दांतले वर्णन. इंग्रज इतिहासकार रॉबर्ट ऑर्म याने केलेले वर्णन मी मुख्य आधार मानले आहे. त्याच्या सांगण्याप्रमाणे गलबताची घडण गुराबेसारखीच, म्हणजे पुढे चोच आलेल्या मोठ्या लढाऊ जहाजासारखीच, पण आकार लहान असे आणि सर्वांत मोठी गलबतेही क्वचितच ७० टनांच्या वर जात. डोलकाठ्या दोन असून मागची अगदी बारीक असे. मुख्य डोलकाठीवर एकच मोठे त्रिकोणी शीड असे आणि ते चढवल्यावर त्याचे टोक डोलकाठीच्याही बरेच वर जाई. वल्ही ४० ते ५० असत आणि केवळ वल्ह्यांवर ताशी ४ मैल वेग मिळे. सर्वसाधारण गलबतावर वजन कमी राहावे म्हणून चिरलेल्या बांबूंचा डेक असे आणि त्यावर केवळ कठड्यावरच्या फिरत्या छोट्या तोफा, म्हणजे जंबुरे, बसवलेले असत. पक्का डेक आणि ६ ते ८ तोफा फक्त सर्वांत मोठ्या गलबतांवर असत.

या शेवटच्या वाक्याने माझ्यापुढची निवड सोपी केली. मला बांबूचा डेक हवा होता, म्हणजे ७० टनांचे गलबत घेऊन चालणार नव्हते. त्या काळच्या इंग्रज मोजणीचे सूत्र मी वापरले: फुटांतल्या लांबीतून रुंदीचे तीन पंचमांश वजा करायचे, उरलेल्या संख्येला रुंदीने आणि पुन्हा अर्ध्या रुंदीने गुणायचे आणि ९४ ने भागायचे. लांबी ६० फूट व रुंदी १५ फूट धरली तर ६१ टन येतात, आणि कागदावर हा आकार देखणाही दिसतो; पण दर बाजूला २० वल्ही, आणि दोन वल्ह्यांमध्ये निदान पावणेतीन फूट अंतर, एवढे मांडले की नुसत्या वल्हेकऱ्यांनाच ५२ फुटांहून अधिक जागा लागते आणि सुकाणूजवळ व नाळेकडे, म्हणजे पुढच्या टोकाकडे, माणसाला उभे राहायलाही जागा उरत नाही. म्हणून लांबी ६४ फूट केली आणि रुंदी १४ फुटांवर आणली. टनभार ५८ म्हणजे जवळपास पहिल्याइतकाच राहिला, जागा मिळाली, आणि वल्ह्यांवर चालायच्या जहाजाला शोभेल असा सडपातळ आकारही आला. १:४८ प्रमाणात हे १६ इंच लांब आणि साडेतीन इंच रुंद होते. पुढे आलेली चोच या लांबीत धरलेली नाही. ती वेगळी जोडली असून तिला कठडा मुद्दाम ठेवलेला नाही, कारण समोरून येणारी लाट चोचीवर चढून विनाअडथळा ओसरून जावी हाच गुराबेच्या त्या रचनेचा हेतू होता.

लाकडाविषयी थोडक्यात. खरे जहाज सागवानाचे, तरी प्रतिकृतीला सागवान वापरू नये असे माझे ठाम मत आहे, कारण सागाच्या धाग्यातली छिद्रांची रेघ ४८ पटींनी मोठी कल्पिली तर फळीवर बोटभर रुंद खाच पडल्यासारखी ती दिसेल. मी हलदूचे लाकूड घेतले. त्याचा पोत बारीक आणि एकसारखा असतो आणि ते स्वच्छ तासले जाते. पट्ट्या ४ मिलिमीटर रुंद व १ मिलिमीटर जाड काढल्या, म्हणजे प्रत्यक्षात सुमारे साडेसात इंची फळी. वडोद्याच्या हवेत हे काम कोणत्या ऋतूत करायचे याला फार महत्त्व आहे. पावसाळ्यात फुगलेली पट्टी एप्रिल-मेच्या कोरड्या उष्म्यात आकसते आणि सांधे उघडतात. म्हणून पट्ट्या पावसाळाभर तशाच ठेवून चिकटवण्याचे काम दिवाळीनंतर केले. आपल्याकडच्या जहाजांत फळीच्या कडेला खाच काढून दुसरी फळी तीत बसवण्याची आणि मध्ये कापूस व राळ भरण्याची रीत होती. त्यामुळे सांध्याची रेघ अगदी बारीक आणि करडी दिसायला हवी, युरोपीय जहाजांवर डांबराने दिसते तशी जाड आणि काळी नव्हे. पट्टीच्या कडेवरून मऊ पेन्सिल एकदा फिरवली तरी ते पुरते.

डेकवर मात्र मी सर्वाधिक वेळ दिला, आणि मला वाटते गलबताचे गलबतपण तेथेच आहे. खरी चीप दीड इंच रुंद धरली तर प्रतिकृतीत ती ०.८ मिलिमीटर होते. इतकी बारीक चीप बांबूच्या आतल्या मऊ भागातून निघत नाही, तिचे तंतू सुटतात. बांबूच्या पाठीलगतचा घट्ट थरच घ्यावा लागतो आणि दोन पेरांच्या मधला सरळ तुकडाच उपयोगी पडतो. हिरवट कातडे आधी खरवडून काढले, मग पातळ सुरीने चिरत जाऊन चिपा सोनार तार ओढायला वापरतात त्या भोकांच्या पोलादी पट्टीतून ओढून घेतल्या आणि शेवटी एका बाजूने किंचित सपाट केल्या. त्या चिकटवलेल्या नाहीत. आडव्या वाशांना त्या सुती दोऱ्याने विणून बांधल्या आहेत आणि दर दोन चिपांमध्ये केसभर फट राखली आहे, कारण अशा डेकवर पडलेले पाणी फटींतून खाली जायचे. बांधणी झाल्यावर संपूर्ण डेक एखाद्या चटईसारखा उचलता येतो, आणि तो सुटा ठेवल्यामुळे खालची वल्हेकऱ्यांची बाके हवी तेव्हा दाखवता येतात.

आता रंगकाम. आपल्या किनाऱ्यावर जहाजाच्या पाण्याखालच्या भागाला चुना आणि तेल किंवा चरबी यांचे मिश्रण फासत, कारण लाकूड पोखरणाऱ्या किड्यांपासून त्याने बचाव होई. वरच्या भागाला माशाचे तेल चोळत, त्याने लाकूड काळपट तपकिरी होई. दोन्ही भागांना रंगाचा हा फरक मिळाला की जहाज लगेच हिंदुस्थानी दिसू लागते. शुद्ध पांढरा रंग लावू नये. मी पांढऱ्या ॲक्रिलिकमध्ये पिवळी माती आणि अगदी थोडा तपकिरी रंग मिसळला आणि चमक मारण्यासाठी त्यात बारीक टाल्कम पावडर घातली. हा रंग पातळ थरांत, कोरड्या ब्रशने, पाण्याच्या रेषेपासून खाली ओढत लावला; वरची कड मुद्दाम किंचित असमान ठेवली, कारण ओहोटीला आडव्या पडलेल्या जहाजावर हाताने फासलेला चुना पट्टी लावून आखल्यासारखा सरळ कसा येईल? वरच्या भागाला जवसाच्या तेलात थोडा तपकिरी तैलरंग घालून तो कापडाने चोळला आणि पूर्ण सुकल्यावर मेण लावले. पॉलिशचा चकचकीत थर प्रतिकृतीला खेळण्याची कळा आणतो. तो मोह आवरलाच पाहिजे.

जंबुरे पितळी सळीतून कातले, प्रत्येकी १९ मिलिमीटर, म्हणजे प्रत्यक्षात ३ फूट. प्रतिकृतीच्या बैठकीसाठी संखेड्याच्या खरादी कारागिराकडून पाय कातून घेतले. तिथले लाखेचे सोनेरी-लाल काम मला फार आवडते, पण गलबताच्या मातकट रंगापुढे ते डोळ्यांत भरले असते, म्हणून पाय बिनरंगी ठेवायला सांगितले.

पुढचे काम डोलकाठ्यांचे. दोर काथ्याचे असल्याने युरोपीय प्रतिकृतींप्रमाणे उभे दोर काळे करायचे नाहीत. सर्व दोर फिक्या तपकिरी छटेत राहतील. ३ इंच घेराचा दोर प्रतिकृतीत अर्ध्या मिलिमीटरचा होतो, आणि तो सुती धाग्यांना पीळ देऊन, मेण लावून, लव जाळून घरीच वळणार आहे. शीड आडवे तोलून धरणारे परबाण मी ६० फूट धरले आहे, म्हणजे जवळजवळ जहाजाएवढेच. एवढी लांब काठी एकसंध न घेता दोन तुकडे एकमेकांवर चढवून दोराने आवळत असत, आणि प्रतिकृतीतही ते तसेच आवळून बांधणार आहे. शिडासाठी मलमल पाहिली, पण तिची वीण या प्रमाणात गोणपाटासारखी जाड दिसते. त्याऐवजी पातळ तंतुमय कागदाचे दोन थर चिकटवून, दर अर्ध्या इंचावर पेन्सिलीने शिवणीची रेघ ओढून पाहत आहे. मुख्य डोलकाठी किंचित पुढे झुकलेली ठेवायची आहे. तो कोन किती असावा हे परबाणाचा खालचा शेंडा नाळेच्या मागे मोकळा फिरतो की नाही यावरून ठरेल, म्हणून काठी चिकटवण्याआधी शीड बांधून दोन्ही बाजूंना फिरवून पाहणार आहे.