आमची वाटचाल: सागवान, टसर आणि ती दिवाळी

बल्लारपूरच्या डेपोतून लिलावाचं सागवान आणायचं, वाळण्यासाठी मध्ये पट्ट्या देऊन थप्पी रचायची, मीटर १० टक्क्यांच्या खाली ओल दाखवेल तेव्हाच रंधा लावायचा. दुकानांचं सागवानी फर्निचर करणारा आमचा कारखाना असाच चालला. बरी वर्षं गेली. त्यात सांगण्यासारखं काही नाही.

सांगायचंय ते त्या दिवाळीचं. माल टीपीसकट (वनखात्याच्या वाहतूक परवान्यासकट) शेडमध्ये येऊन पडला आणि तालुक्यातल्या तीन कापड दुकानांनी ऐनवेळी पाठ फिरवली. शहरातला एक इंटिरियरवाला पार्टिकल बोर्डावर सागाच्या छापाचं लॅमिनेट चिकटवून आठवड्यात, निम्म्या पैशात दुकान उभं करून देत होता. आमचा पैसा लाकडात अडकला, कारागिरांची मजुरी उसनवारीवर गेली. पुढच्या पावसाळ्यात रोजच्या ओल्या पोछ्याने त्या बोर्डांच्या खालच्या कडा फुगल्या. तरी नाव त्या इंटिरियरवाल्याचंच झालं, कारण उद्घाटनाचे फोटो चांगले आले होते.

आम्हाला तारलं आरमोरीच्या एका ताईंनी. टसर रेशमाच्या साड्यांचं दुकान, गाळा १० बाय २० फुटांचा. अर्धे पैसे आगाऊ दिले. "घाई नाही, पण उदई लागता कामा नये," एवढंच म्हणाल्या. म्हणून वाळवी चढू नये यासाठी प्रत्येक कपाटाखाली चार इंच ग्रॅनाइटची पट्टी आणि भिंतीपासून अर्धा इंच मोकळी फट. घडीच्या साडीला फळीची खोली १५ इंच, जाडी ८ सूत (एक इंच), आधाराशिवाय लांबी तीन फुटांच्या आत. नाहीतर गठ्ठ्यांच्या वजनाने फळी वाकते. मधली वाट साडेतीन फूट सोडली.

खरी परीक्षा काउंटरच्या माथ्याची. सहा फूट लांब, दोन फूट रुंद, एक इंच जाड म्हणजे बरोबर एक घनफूट. पण तासणी-छाटणी धरून सव्वा तरी घ्या. कडक उन्हाचा नवतपा ते ओला श्रावण एवढ्यात दोन फुटी माथा रुंदीत पाच-सहा मिलिमीटर फुगतो. तो फेविकॉलने चौकटीला जाम केला की चिरतो. आम्ही चौकटीत लांबट भोकं पाडून खालून स्क्रू देतो. दाराच्या दिल्ह्यालाही (चौकटीत बसणाऱ्या मधल्या फळीलाही) खाचेत गोंद लावत नाही, तो मोकळाच बसतो. हे कोटेशनमध्ये दिसत नाही, म्हणून भाव करताना कोणी मोजतही नाही.

दिवे ३००० केल्विनचे, म्हणजे पिवळसर उजेडाचे, आणि सीआरआय (रंग किती खरे दिसतात त्याचं माप) ९० च्या वर. पांढऱ्याफटक ट्यूबखाली टसरचा मधाळ रंग मेल्यासारखा दिसतो आणि सागही फिका पडतो.

कपाटांना उकळलेलं जवसाचं तेल, तीन पातळ हात, प्रत्येक हात वाळल्यावरच पुढचा. काउंटरला मात्र मॅट पीयू (पॉलीयुरेथेनचा न चमकणारा लेप), कारण बांगड्यांच्या ओरखड्यांपुढे तेल टिकत नाही. आणि तेलाची फडकी बोळा करून कोपऱ्यात फेकू नका. ती आपोआप तापून पेट घेतात. दोरीवर पसरून वाळवा, किंवा पाण्याच्या डब्यात बुडवून झाकण लावा.