चाकं चार, व्हीलकॅप किती?

आज १९६८चा ‘बुलिट’ सिनेमा परत लावला. नायक स्टीव्ह मॅक्वीनची मस्टँग गाडी, पुढे काळी डॉज चार्जर, सॅन फ्रान्सिस्कोचे उतार, जवळजवळ ११ मिनिटांचा पाठलाग. पहिल्यांदा श्वास रोखून पाहिला होता. या वेळी मेली ती हिरवी बीटल गाडी नजरेत भरली आणि सगळा विचका! मागे टाकली, की थोड्या वेळाने बीटलबाई पुन्हा पुढे हजर. मग रिमोट घेऊन चार्जरच्या उडणाऱ्या व्हीलकॅप (चाकांवरची झाकणं) मोजत बसलो. चार झाल्या तरी गळती सुरूच! एकच प्रसंग वेगवेगळ्या कॅमेऱ्यांतून घेऊन तुकडे मागेपुढे जोडले की असं होतं. गंमत म्हणजे ऑस्कर मिळालं ते संकलनालाच. बायको तिसऱ्या रिवाइंडला उठून गेली.